टम्बलरमधून पुंगळ्या काळपट, डागाळलेल्या किंवा गुलाबी निघतात तेव्हा

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर रीलोडिंग करणाऱ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्या, कोणाच्या पुंगळ्या बिघडल्या की डबा माझ्याकडे येतो. तक्रार बहुधा ओल्या टम्बलिंगची असते, म्हणजे पाणी, साबण, थोडं लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) आणि स्टीलच्या बारीक पिना घालून ड्रममध्ये घोळवायच्या पद्धतीची. सोबत प्रश्न येतो, नवं मशीन घेऊ का? मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ पाण्यात, मापात नाहीतर वाळवण्यात असतो. तो शोधायला वेळ लागतो, पैसे फारसे लागत नाहीत.

आधी एक खुलासा. मी टेक्सासमध्ये राहतो आणि हे लिखाण अमेरिकेत कायदेशीरपणे, स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात काडतुसं भरणं हे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली दारूगोळा तयार करण्यात मोडतं, परवान्याशिवाय ते करता येत नाही. आणि रेंजवर नेलेली बॅग सुट्टीत भारतात जाताना सामान भरायला घेऊ नका. तळाशी राहिलेल्या एका पुंगळीवरून विमानतळावर चौकशीला सामोरं जावं लागतं. बॅग वेगळीच ठेवा.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कोणती आहे ते आधी नीट बघा. कारणं वेगवेगळी आहेत, आणि दोन तक्रारी एकदम असल्या तर दोन कारणं एकदम असू शकतात.

सगळ्याच पुंगळ्या राखाडी, मळकट दिसतात. बोट फिरवलं की बोटाला काळं लागतं.

ओल्या असताना सोन्यासारख्या दिसतात, वाळल्या की पांढरट ठिपके आणि ओघळ उमटतात.

वाळल्यावरही छान असतात, पण काही दिवसांत डब्यातल्या डब्यात तपकिरी पडतात.

सगळीकडे किंवा चट्ट्याचट्ट्यांनी गुलाबी, तांबूस झाक येते.

बाहेरून लखलखीत, पण प्रायमर पॉकेट (बार पेटवणारं प्रायमर बसतं तो बुडातला खळगा) काळंच, किंवा आत पिना अडकलेल्या.

तोंडाची कड बाहेर दुमडल्यासारखी, नख फिरवलं तर अडकतं.

हात लावण्याआधी

बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि बार उडाल्यावर त्याची राख पुंगळीच्या आत बसते. ड्रममधून निघणाऱ्या काळ्या पाण्यात तीच राख असते. त्यामुळे नायट्रिल हातमोजे घाला, हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका, गाळायची चाळणी आणि वाडगे परत स्वयंपाकाला नेऊ नका. काळं पाणी अंगणातही ओतायचं नाही. झाकणाच्या बादलीत साठवा आणि काउंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रावर द्या. घरात लहान मूल असेल तर यातली एकही गोष्ट सैल सोडू नका.

शिवाय रेंजवरून उचललेल्या ढिगात एखादं न उडालेलं जिवंत काडतूस असू शकतं. ढीग ताटात पसरून एकेक पुंगळी बघितल्याशिवाय ड्रमचं झाकण लावायचं नाही.

लोहचुंबक आणि निवड

पहिली तपासणी फुकटची आहे. पुंगळ्या ताटात पसरा आणि त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवा. काही कंपन्या लोखंडी पुंगळीवर पितळेचा पातळ मुलामा देतात, डोळ्यांना ती पितळेचीच वाटते. ती ड्रममध्ये गेली की मुलामा घासला जातो आणि आतलं लोखंड आंबट पाण्यात उघडं पडतं. पितळेतलं थोडं तांबं पाण्यात उतरलेलंच असतं. लोखंड त्याला ओढून घेतं आणि तांब्याचा थर लोखंडावर, तसंच त्याला चिकटून फिरणाऱ्या पितळेवरही बसतो. चट्ट्याचट्ट्यांनी आलेल्या गुलाबी रंगाचं एक कारण हे आहे.

ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या चुंबकाला सापडत नाहीत. त्या हातात हलक्या लागतात आणि रंग पांढुरका असतो. ड्रममध्ये त्यांचं करडं पाणी होतं आणि सगळा घाणा काळवंडतो, त्यामुळे त्या वेगळ्या काढा. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या घालायला हरकत नाही, पण थोडाच वेळ.

ढीग पसरला आहे तोवर एकात एक बसलेल्या पुंगळ्याही शोधा. ९ मिमीची ‘पॉइंट ४०’मध्ये आणि ‘पॉइंट ४०’ची ‘पॉइंट ४५’मध्ये (हे काडतुसांचे आकार) अशी घट्ट बसते की वरून एकच वाटते. मधल्या फटीत साबण पोचत नाही, पिना शिरून अडकतात आणि वाळवताना पाणी आतच राहतं. एखादी पुंगळी नेहमीपेक्षा जड वाटली किंवा हलवल्यावर खुळखुळली तर तोंडाकडून आत बघा. ९ मिमीमध्ये रिमफायरची छोटी ‘पॉइंट २२’सुद्धा दडलेली सापडते.

ड्रम किती भरला?

दुसरी तपासणीही फुकट आहे, फक्त वजनकाटा हवा. सर्रास वापरला जाणारा रोटरी ड्रम १५ पौंड ओझ्याचा असतो. त्यात पिना ५ पौंड, पुंगळ्या २ पौंड आणि पाणी एक गॅलन, म्हणजे आठ पौंडांहून थोडं जास्त. झाले पंधरा. २ पौंडांत ९ मिमीच्या साधारण २३० पुंगळ्या बसतात, ‘पॉइंट २२३’च्या साधारण दीडशे. लोक दुप्पट घालतात, कारण ड्रम अर्धा रिकामा दिसतो. पण ती रिकामी जागाच काम करते. पुंगळ्या वर चढून खाली कोसळल्या पाहिजेत, तेव्हाच पिना आत शिरतात आणि बाहेर पडतात. दाटीवाटीत सगळा गठ्ठा एकसंध सरकत राहतो आणि पुंगळ्या राखाडीच राहतात.

कान लावून ऐका. बरोबर भरलेल्या ड्रममधून सळसळता, लयीत पडणारा आवाज येतो. नुसती घरघर येत असेल तर भरणा जास्त आहे. टणटण आवाज येत असेल तर पाणी किंवा पिना कमी आहेत, आणि तोंडाची कड दुमडायला सुरुवात तिथेच होते. रायफलच्या लांब पुंगळ्या एकमेकींच्या तोंडावर आदळतात आणि मऊ कड हळूहळू ठोकली जाते. पाणी पूर्ण गॅलनभर घाला, पिनांचं वजन कमी करू नका आणि वेळ कमी करा. कड आधीच दुमडली असेल तर चॅम्फर करायच्या, म्हणजे कड तिरपी घासायच्या, हत्याराने आतून-बाहेरून हलकी घासली की काम भागतं.

पाणी

सॅन अँटोनिओकडचं पाणी जड आहे. ॲरिझोना, नेवाडात राहणाऱ्यांनाही हा त्रास ओळखीचा असेल. पांढरट ठिपके म्हणजे पाण्यातला चुना, त्यांचा टम्बलरशी संबंध नाही. खात्री करायला एक-दोन डॉलरचं डिस्टिल्ड पाणी पुरतं. घाणा नेहमीसारखा चालवा, नळाखाली फेस जाईपर्यंत धुवा, मग अर्ध्या पुंगळ्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, हलवून बाहेर काढा. दोन्ही ढीग शेजारी शेजारी वाळू द्या. ठिपके फक्त नळाच्या ढिगावर आले तर उत्तर मिळालं. यापुढे शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात करायचं. एवढ्यासाठी अख्खा ड्रम त्याने भरायची गरज नाही.

जड पाणी आणखी एक खोडी करतं. त्यातलं कॅल्शियम सायट्रिक ॲसिडचा काही भाग आधीच गुंतवून टाकतं, मग पितळेवर काम करायला कमी उरतं. म्हणून एकाच मापात एका गावी पुंगळ्या झळकतात आणि दुसऱ्या गावी मळकट राहतात.

साबण आणि लिंबूसत्व

बहुतेक तक्रारी इथे सुटतात, म्हणून इथे घाई करू नका.

साबणाचं काम काजळी उचलून पाण्यात धरून ठेवायचं. तो कमी पडला तर सुटलेली काजळी परत पितळेवरच बसते. ड्रम उघडल्यावर पाणी काळं असूनही वर फेस दिसला पाहिजे. फेस मेलेला असेल आणि पाणी शाईसारखं असेल तर साबण संपलेल्या पाण्यात पुंगळ्या नुसत्याच घोळत होत्या. एका गॅलनला भांडी घासायचा द्रव साबण एक मोठा चमचा, फारच घाण माल असेल तर दोन. फार काळ्या मालाला मी आधी अर्धा तास नुसत्या साबणाच्या पाण्यात घोळवतो, ते पाणी टाकतो आणि मग खरा घाणा लावतो. यामुळे निकालात जेवढा फरक पडतो तेवढा नव्या मशीननेही पडत नाही.

सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्व, डाग आणि ऑक्साइडचा थर काढतं. एका गॅलनला पाव छोटा चमचा. एवढंसं बघून लोकांचा हात सुटतो आणि चमचाभर पडतो, आणि गुलाबी पुंगळ्यांचा डबा माझ्या दारात येतो.

गुलाबी रंग कुठून येतो? काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आम्ल जास्त झालं किंवा फार वेळ राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे उरतं. देवाचा पितळी तांब्या चिंच लावून घासला, वेळेत धुतला तर पिवळाधमक निघतो. चिंच लावून तसाच ठेवून दिला तर तांबूस पडतो. तेच हे. फरक एवढाच की तांब्याला ‘पॉइंट २२३’सारखा चौरस इंचाला ५५,००० पौंड दाब सोसायचा नसतो.

आम्ल कमी पडलं की साबण, हे ओळखायची साधी चाचणी आहे. राखाडी निघालेली एक पुंगळी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा, चिमूटभर लिंबूसत्व टाका आणि घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांत बुडाकडून पिवळी होत गेली तर ड्रममध्ये आम्ल कमी पडलं होतं. पुढच्या वेळी किंचित वाढवा, पाव चमच्यावरून अर्ध्यापर्यंत, त्याच्या पुढे नाही. काहीच फरक पडला नाही आणि बोटाला काळं लागत राहिलं तर ती काजळी आहे, साबण वाढवा.

दोन गोष्टी ड्रममध्ये कधीही नकोत. ब्लीच पितळ खातं, ते नको. आणि अमोनिया असलेलं काहीही नको. पितळेची कित्येक पॉलिशं आणि काच पुसायची अनेक द्रावणं यात येतात, बाटलीवरचं वाचा. अमोनियाने पितळ नुसतं डागाळत नाही, ताणाखाली असेल तर तडकतं. याचा शोध आपल्याकडच्या पावसाळ्यातून लागला. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात आणि हंगाम संपल्यावर काढली की कित्येक तडकलेली निघत. म्हणून त्या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि थंड ओढून घडवलेल्या पितळेत शिल्लक राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की भेग पडते. तुमच्या हातातली पुंगळीही तशीच ओढून घडवलेली आहे, आणि तोंडापाशी तिच्यात ताण असतोच.

वेळ

पिस्तुलाच्या पुंगळ्यांना दीड-दोन तास, रायफलच्या मळक्या मालाला तीन. रात्रभर ड्रम चालू ठेवून झोपायची सवय सोडा. घाण पहिल्या काही तासांतच निघते, नंतर फक्त आम्ल पितळ खात राहतं आणि कडा ठोकल्या जातात. ड्रम थांबला की लगेच रिकामा करा. बंद ड्रममध्ये त्याच पाण्यात सकाळपर्यंत पडून राहिलेल्या पुंगळ्याही गुलाबी होतात, तेव्हा ड्रम फिरतही नसतो.

वाळवणं

काही दिवसांनी तपकिरी पडणाऱ्या पुंगळ्यांचं कारण दोनांपैकी एक असतं. नीट न धुतलेलं आम्ल, नाहीतर आत राहिलेला ओलावा. प्रायमर न काढता धुतलेल्या पुंगळीत पाणी जुन्या प्रायमरच्या आड बसून राहतं आणि दिवसेंदिवस सुकत नाही. प्रायमर आधी काढलं की पॉकेटही साफ होतं आणि पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. डिप्रायमिंगची, म्हणजे जुनं प्रायमर काढायची, वेगळी डाय स्वस्त मिळते. ओलं टम्बलिंग करणाऱ्याने ती घ्यावीच.

धुतल्यावर पुंगळ्या जुन्या पंचात घ्या, दोन्ही टोकं धरा आणि आळीपाळीने एक बाजू वर करत घोळवा. पाण्याचा मोठा भाग आणि अडकलेल्या पिना दोन्ही यात बाहेर पडतात. मग उन्हात पसरा, किंवा फक्त याच कामाला ठेवलेल्या फूड डिहायड्रेटरमध्ये घाला. ओव्हनमध्ये वाळवणारे २०० फॅरनहाइटच्या आत राहतात. त्यात धोका नाही, पण जेवणाचा ओव्हन नको, शिशामुळे. टॉर्चने किंवा शेगडीवर वाळवू नका. साधारण २५० सेल्सिअसच्या पुढे पितळ मऊ पडायला लागतं, आणि पुंगळीचं बूड मऊ पडलं तर तिने दाब सोसायचा तरी कशाने?

वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. फ्लॅश होलमधून, म्हणजे पॉकेटच्या तळाच्या बारीक भोकातून, उजेड दिसतोय का बघा आणि पॉकेटमध्ये टिश्यूचं टोक फिरवा. आत राहिलेला थेंब दारू भिजवतो. मग बार अर्धवट उडून गोळी नळीतच अडकू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फाटते. पिनाही याच वेळी शोधा. ‘पॉइंट २२३’च्या अरुंद मानेत दोन पिना आडव्या रुतून बसतात आणि हलवल्या तरी वाजत नाहीत. प्रत्येक पुंगळीत उजेडाकडे तोंड करून बघायचं, एकही सोडायची नाही.

चमक टिकवायची असेल तर शेवटच्या धुण्यात गाडी धुवायचा मेणवाला शाम्पू थोडासा घाला. पातळ थर बसतो आणि हवा कमी लागते.

मशीन

इथवर सगळं बरोबर असूनही माल राखाडी निघतोय, तर आता मशीन बघा. ड्रमच्या आत नवं रबर असेल तर पहिले एक-दोन घाणे काळे निघतात. रबराचा रंग सुटतो. टाकाऊ पुंगळ्या घालून, गरम साबणाच्या पाण्याने एकदा चालवून द्या. जुन्या मशीनचा पट्टा सैल झाला की भरलेला ड्रम अडत अडत फिरतो. ड्रमवर खडूची खूण करा आणि मिनिटभर बघा, ती अडखळत असेल तर पट्टा बदला. पिना काळ्या-चिकट झाल्या असतील तर त्या एकट्याच साबण आणि लिंबूसत्वात अर्धा तास घोळवून धुऊन घ्या.

कोरडं टम्बलिंग, म्हणजे अक्रोडाच्या टरफलांत किंवा मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवणारं, हा वेगळा विषय आहे. राखाडी निकालाचं कारण तिथे बहुधा एकच, भुसा जुना झालेला. त्याची धूळ शिशाची असते, म्हणून मशीन घराबाहेर चालवा आणि झाकण लगेच उघडू नका.

गुलाबी पुंगळी ठेवायची की फेकायची?

एक गुलाबी पुंगळी घ्या आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने एका जागी दहा-बारा वेळा घासा. खाली पिवळं पितळ लागलं आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर जस्त वरवरच गेलंय. अक्रोडाच्या भुशात तासभर घोळवा. घासूनही गुलाबीच राहिली, किंवा भिंगातून बारीक खड्डे दिसले, तर ती फेका. खड्ड्यांच्या तळाशी गुलाबी दिसली तर सगळा घाणाच फेका. पितळाचे पैसे भंगारात मिळतात.

खरं तर टम्बलिंग चमकेसाठी नाहीच. स्वच्छ पुंगळीवरच दोष दिसतो, तेवढ्यासाठी ते करायचं. मानेवर उभी भेग, बुडापासून पाव इंचाच्या आसपास चकचकीत गोल पट्टा, बूड फुगलेलं, प्रायमर पॉकेटभोवती काजळीची गळती, ९ मिमीच्या आत भिंतीला पायरी. यांपैकी एकही दिसलं की पुंगळी पक्कडीने चेपून टाकायची, म्हणजे चुकून परत ढिगात येणार नाही. चकचकीत पट्ट्याबद्दल शंका असेल तर पेपरक्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा वाकवा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. आकडा खोबणीत अडकला तर तिथे भिंत पातळ झाली आहे, पुढच्या बाराला बूड सुटू शकतं.

इथे थांबा

एकाच बंदुकीतून निघालेल्या पुंगळ्यांवर तोच पट्टा, तीच भेग किंवा तेच फुगलेलं बूड पुन्हा पुन्हा येत असेल तर साफसफाई बाजूला ठेवा. ती बंदूक वापरणं बंद करा आणि पुंगळ्यांसह गनस्मिथकडे न्या. चेंबरची लांबी मोजायला त्याच्याकडे गेज असतात, घरी अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही.

टम्बलरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, मोटरचा जळका वास आला किंवा ड्रम गळून पाणी मोटरवर उतरलं, तर भिंतीतला प्लग काढा. मशीन सुकवून परत लावून बघू नका. इलेक्ट्रिशियनला दाखवा, नाहीतर बदला.

आणि जे दर आठवड्याला बंदिस्त रेंजवर जातात, पुंगळ्या उचलतात आणि घरी घोळवतात, त्यांनी डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांच्या तपासणीबद्दलही त्याच भेटीत विचारा, आणि निकाल येईपर्यंत टम्बलर बंद ठेवा.